विम्याला शेवटची तारीख कशासाठी?

जुलैचा शेवटचा आठवडा आला की आम्हा कृषी खात्यातल्या माणसांच्या फोनला उसंत नसते. “साहेब, सर्व्हर चालंना”, “सातबाऱ्यावर नाव एक आणि आधारावर दुसरंच हाय”, “पोराचा मोबाईल नंबर दिला तर चालंल का?” अशा एकेक तऱ्हा. केंद्रावर रात्री दहा-अकरापर्यंत माणसे बसून असतात. आणि तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी वेगळी मंडळी वेगळा प्रश्न घेऊन येतात. “पैसे घेऊन आलोय की. मग घेत का न्हाईत?”

२०२३ च्या खरिपात हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला तितका नोकरीत कधी ऐकला नव्हता. त्या वर्षी राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता. शेवटची तारीख ३१ जुलै होती, ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवली. राज्यभरातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. तरीही राहायचे ते राहिलेच. मग ऑगस्टमध्ये पावसाने अशी दडी मारली की भर फुलोऱ्यात सोयाबीनने माना टाकल्या. तेव्हा राहिलेले एकेक जण कार्यालयात येऊ लागले. “रुपयाच तर हाय साहेब, त्यात काय एवढं? पाच घ्या.”

मी त्यांना नियम सांगत होतो. नियमामागचे कारणही सांगत होतो. पण खरे सांगायचे तर त्या वर्षी माझ्या स्वतःच्याच तोंडात ते कारण फिरत नव्हते. कारण दोन महिन्यांपूर्वी असेच एक बंद दार आमच्या घरच्या माणसाने पाहिले होते. ते दार पिकाच्या विम्याचे नव्हते, माणसाच्या आजाराच्या विम्याचे होते.

अक्काची गोष्ट

माझी थोरली बहीण निपाणीकडच्या एका गावात दिली आहे. म्हणजे आमच्या कागल तालुक्यातून हाकेच्या अंतरावर, पण राज्य वेगळे. तिकडे कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी ‘यशस्विनी’ नावाची आरोग्य योजना आहे. ही योजना जुनी आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि १ जून २००३ पासून प्रत्यक्ष उपचार सुरू झाले. बेंगळुरूचे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांची मूळ कल्पना. शेतकऱ्याने दूध संस्थेत, सेवा सोसायटीत वर्षाला माणशी ६० रुपये भरायचे, सरकारने वर भर घालायची आणि ऑपरेशनची वेळ आली तर यादीतल्या दवाखान्यात पैसे न भरता ते व्हायचे, अशी सुरुवात होती. पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख माणसे आली. २०१८ मध्ये ही योजना सरकारच्या दुसऱ्या आरोग्य योजनेत मिसळली गेली आणि १ जानेवारी २०२३ पासून पुन्हा वेगळी सुरू झाली. आता ग्रामीण भागात चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये आणि ५ लाखांपर्यंतचे उपचार, असे तिचे नवे रूप होते.

२०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दूध संस्थेचे सेक्रेटरी घरोघर फिरत होते. आमच्या दाजींकडेही आले. दाजी माणूस चांगला, कष्टाळू, कुणाचे बुडवणारा नव्हे. पण दोन एकर ऊस, तीन म्हशी आणि शिकणारी दोन पोरे असली की ५०० रुपयेसुद्धा हातातून सुटताना चार वेळा मोजले जातात. ते म्हणाले, “आमच्यात कोण आजारी हाय? पाचशात म्हसरांस्नी चार दिवसांची पेंड येती. पुढच्या वर्षी बघू.” सेक्रेटरी पुढच्या घरी गेले.

अक्काला जिना चढताना, भारा उचलताना धाप लागायची. आम्ही सगळे म्हणायचो, वजन वाढलंय. शाळेत असताना तिला ताप यायचा, गुडघे सुजायचे, महिनाभर घरी असायची, हे आईला आठवत होते. पण त्याचा धापेशी काही संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. जून २०२३ मध्ये, मृगाचा पाऊस लांबलेला, उसाला पाणी देताना ती बांधावरच बसली आणि तिला उठता येईना. तपासणीत निघाले की हृदयाची झडप खराब झालेली आहे. लहानपणी त्या सांध्यांच्या तापाने झडपेला जे नुकसान केले ते इतक्या वर्षांनी बाहेर आले होते. ऑपरेशन लवकर करायला हवे, असे डॉक्टरांनी सांगितले.

दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत गेले. खिशात ५०० रुपये होते. “पावती फाडा.” सेक्रेटरींनी सांगितले, नोंदणी बंद झाली, आता पुढची तारीख लागेल तेव्हा. दाजी म्हणाले, “पाच हजार घ्या. दहा घ्या.” सेक्रेटरी तरी काय करणार? दाजींचे रेशनकार्ड दारिद्र्यरेषेच्या वरचे, त्यामुळे दुसऱ्या योजनेतून मिळाली ती थोडी मदत. ती वजा जाता दीड लाखाच्या वर पदरचे गेले. अक्काच्या पाटल्या बँकेत गेल्या आणि एक गाभण म्हैस बाजारात गेली. अक्का बरी झाली, हे आधी सांगून टाकतो. तिची गोळी आणि दर महिन्याची रक्ततपासणी मात्र आता कायमची.

ऑपरेशनच्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात दाजी मला म्हणाले, “पावणं, तुम्ही सरकारी माणूस. मला एवढं सांगा. पैसे मोजायला तयार असलेल्या माणसाला दार लावून घ्यायचं, ह्यो कुठला न्याय?”

त्या रात्री मी गप्प बसलो. तिथे कारण सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. पण नंतर चहावर, बांधावर, कारखान्याच्या रांगेत आमचे यावर बरेच बोलणे झाले. तेच इथे मांडतो, कारण असे दाजी आपल्या प्रत्येक गावात आहेत.

भिशीचा हिशोब

विमा ही काही कंपनीची तिजोरी नव्हे. ती एक मोठी भिशी आहे. भिशीत वीस जण दरमहा पैसे टाकतात आणि पाळीपाळीने एकेकाला रक्कम मिळते. फरक इतकाच की भिशीत प्रत्येकाची पाळी येतेच. विम्यात पाळी कोणाची येणार हे कोणालाच माहीत नसते, आणि ज्याची येत नाही तो देवाचे आभार मानतो.

आता समजा, भिशीत एकाने सांगितले, “मी आत्ता पैसे टाकत न्हाई. ज्या महिन्यात माझा नंबर लागंल त्याच महिन्यात टाकतो आणि उचलतो.” त्याला कोणी घेईल का? पहिल्याच बैठकीत हाकलून देतील. ऑपरेशन ठरल्यावर विम्याची पावती मागणे हे नेमके तेच आहे. मागणारा लबाड असतो असे नाही. दाजी लबाड नव्हते. पण पैशांच्या हिशोबाला मागणाऱ्याचे मन दिसत नाही.

हिशोब डोळ्यांसमोर यावा म्हणून एक गाव धरू. आकडे समजण्यापुरते आहेत. गावात १०० घरे. वर्षाला ५ घरांत ऑपरेशन निघते, प्रत्येकी ४० हजार खर्च. एकूण २ लाख. शंभरही घरे आली तर घरटी २ हजार पडतात. आता नियम केला की कधीही या, कधीही पावती फाडा. तर धडधाकट घरे म्हणणार, घाई कशाला, दुखायला लागल्यावर बघू. साठ घरे थांबली, चाळीस आली. पण आजारी ५ घरे त्या चाळीसांत हमखास असणार, कारण गरज त्यांनाच आहे. २ लाख भागिले ४० म्हणजे ५ हजार. हप्ता ५ हजार झाला की उरलेल्यांतल्या धडधाकट घरांना तोही नकोसा होतो. आणखी वीस घरे गेली. आता घरटी १० हजार. शेवटी ती ५ आजारी घरेच उरतात आणि त्यांचा हप्ता होतो ४० हजार, म्हणजे ऑपरेशनच्या खर्चाएवढाच. विमा कुठे राहिला मग?

ही घसरगुंडी थांबवायची तर माणसाला आजार कळायच्या आधी ठरवायला लावले पाहिजे. म्हणून तारीख. वर्षातले ठरावीक दिवस दार उघडे. त्या दिवसांत बहुतेकांना आपल्या घरात पुढे काय वाढून ठेवले आहे हे माहीत नसते, म्हणून निरोगी माणूसही येतो, आजारीही येतो आणि हप्ता सगळ्यांना परवडतो. अक्काच्या घरी डिसेंबरात कोणाला काही माहीत नव्हते. ५०० रुपये भरायचा खरा दिवस तोच होता.

तारखेचा आणखी एक उपयोग आहे, तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. दार कधीही उघडे असेल तर माणूस जसा केव्हाही आत येतो तसा केव्हाही बाहेर पडतो. एप्रिलमध्ये ऑपरेशनपुरता यायचा, मेमध्ये पैसे बंद. भिशीतही पहिला नंबर उचलून पुढचे हप्ते बुडवणारा महाभाग असतोच. वर्षाची पावती एकदम फाडली की तो प्रश्न मिटतो.

पिकाचेही हेच. २०१९ चा महापूर आपल्या कोल्हापूर-सांगलीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. खरिपाच्या विम्याची मुदत त्याआधी जुलैमध्ये संपली होती. पाणी शिरोळच्या शिवारात शिरल्यावर खिडकी उघडी असती तर काय झाले असते याचा विचार करा. नदीकाठचा प्रत्येक जण धावला असता आणि माळावरचा एकही आला नसता.

जनावरांच्या विम्यात तर हे आपण मुकाट्याने मान्य करतो. डॉक्टर आधी जनावर तपासतो, दाखला देतो, कानात बिल्ला मारतो. रोगाने मेले तर पहिल्या १५ दिवसांत भरपाई मिळत नाही, अपघात असेल तर गोष्ट वेगळी. तडफडणारी म्हैस दाखवून कोणी विमा मागत नाही. मागितला तर आपणच हसू.

एका राज्यात दार उघडे ठेवून पाहिले

हे सगळे नुसते बोलण्यापुरते आहे असे वाटत असेल तर अमेरिकेतली गोष्ट ऐका. ही अडचण आपल्यासारख्या गरिबांचीच नाही. तिकडे वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे (राजधानी वॉशिंग्टन वेगळी, हे राज्य पार पश्चिम किनाऱ्यावर आहे, सफरचंदांसाठी प्रसिद्ध). १९९३ मध्ये तिथे कायदा झाला. विमा कंपन्यांनी आजारी माणसाला नाकारायचे नाही, आणि त्याचबरोबर प्रत्येक नागरिकाने विमा घेतलाच पाहिजे. दोन्ही चाके एकत्र होती तोवर गाडी चालण्यासारखी होती. १९९५ मध्ये सर्वांनी घेतलाच पाहिजे हा भाग काढून टाकला आणि नाकारायचे नाही हा भाग बराचसा ठेवला. मग लोक दुखणे आल्यावर येऊ लागले आणि बरे झाल्यावर जाऊ लागले. हप्ते वाढले, धडधाकट माणसे गळाली, कंपन्या तोट्यात गेल्या. १९९९ पर्यंत अशी पाळी आली की त्या राज्याच्या बहुतेक भागांत एकट्यादुकट्या कुटुंबाला नवी पॉलिसी विकायलाच कोणी तयार नव्हते. आजारी माणसासाठी केलेला कायदा आणि शेवटी आजारी माणसालाच विमा नाही!

पुढे २०१० मध्ये साऱ्या अमेरिकेसाठी कायदा झाला तेव्हा हा धडा ध्यानात होता. २०१४ पासून जुना आजार आहे म्हणून कोणाला नाकारायचे नाही, जास्त हप्ताही लावायचा नाही, असे ठरले. पण त्याच्या जोडीला नोंदणीची मुदत ठेवली. पहिली मुदत १ ऑक्टोबर २०१३ ते ३१ मार्च २०१४ होती. नंतर ती कमी होत गेली. २०२५ सालच्या विम्यासाठी बहुतेक राज्यांत १ नोव्हेंबर २०२४ ते १५ जानेवारी २०२५ अशी होती. विमा न घेणाऱ्याला सुरुवातीला दंडही होता. २०१९ पासून केंद्राचा तो दंड शून्यावर आणला, त्यामुळे मुदतीच्या नियमावरचा भार आणखी वाढला. आपल्या भागातली जी मुले नोकरीनिमित्त तिकडे आहेत त्यांना विचारा. स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्याचे नोव्हेंबर-डिसेंबर हेच दिवस या कागदपत्रांचे.

त्यांनी एक शहाणपणाची सोय ठेवली आहे, ती मला फार आवडते. लग्न झाले, मूल झाले, नोकरी सुटून विमा गेला, गाव बदलले, तर मुदतीबाहेरही साधारण ६० दिवसांत नोंदणी करता येते. कारण उघड आहे. पित्ताशयातला खडा काढायचा म्हणून कोणी लग्न करत नाही. जिथे माणूस आजार पाहून येत नाही तिथे दार उघडायला हरकत नसते. तारखेचा नियम कडक असावा पण आंधळा नसावा, तो हा असा.

आपल्याकडे दार उघडे, उंबरठा उंच

आता आपले पाहू. तुम्ही बाजारात जाऊन स्वतःच्या पैशाने आरोग्य विमा घेतला, ज्याला सगळे मेडिक्लेम म्हणतात, तर त्याला वर्षातली ठरावीक तारीख नाही. १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी तो सुरू केला, तेव्हापासून तो बारमाही मिळतो. मग आपल्याकडे ती घसरगुंडी कशी अडवतात? तारखेऐवजी थांबायला लावून. पॉलिसी घेतल्यावर साधारणपणे पहिले ३० दिवस आजाराचा खर्च मिळत नाही, अपघाताचा मिळतो. हर्निया, मोतीबिंदू, गुडघे बदलणे अशा ठरावीक गोष्टींना काही काळ थांबावे लागते. आणि पॉलिसी घ्यायच्या आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षे. पूर्वी हे ४ वर्षांपर्यंत असे, २०२४ मध्ये विमा नियामकाने ३ वर आणले.

म्हणजे काम एकच, अवजार वेगळे. कुठे दाराला वेळ, कुठे दारात रांग. शेतकऱ्याने यातून काढायचा अर्थ असा की घरात दुखणे नसते तेव्हाच पॉलिसी घ्यावी आणि घेतल्यावर खंड पडू देऊ नये. नूतनीकरणाला तारखेनंतर काही दिवसांची सवलत असते, वर्षाचा हप्ता असेल तर ३० दिवस. त्या सवलतीत भरले तर मागची वर्षे वाया जात नाहीत. पण वर्षाचे पैसे एकरकमी भरणाऱ्याला त्या मधल्या उघड्या दिवसांत आजारपण आले तर संरक्षण नसते, हे पुष्कळांना ठाऊक नाही. आणि सवलतही गेली की ती थांबायची वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजायची. तंबाखूचे पैसे आले की भरू, असे म्हणत महिना काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरे म्हणजे फॉर्म भरताना रक्तदाब, साखर लपवू नये. एजंट म्हणतो, “ऱ्हाऊ द्या, कशाला लिवायचं?” त्याचे काय जाते? दावा आल्यावर कागद तुमचा असतो. सलग ५ वर्षे हप्ते भरल्यावर कंपनीला, फसवणूक सिद्ध करता आली तरच, जुनी माहिती उकरून दावा नाकारता येतो. म्हणजे पाच वर्षे तरी तो धोका डोक्यावर राहणार. लिहून टाकले तर तीन वर्षांत मोकळे.

सरकारी योजनांत मात्र तारखेचा घोळ नाही. आपल्या राज्यातली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना घ्या किंवा केंद्राची आयुष्मान भारत घ्या, वर्षाला कुटुंबासाठी ५ लाखांपर्यंत. तिथे हप्ता सरकारच्या तिजोरीतून जातो आणि पात्र घर आपोआप आत असते. आत यायचे की नाही हे कोणी ठरवतच नाही, मग आजार बघून ठरवण्याचा प्रश्नच कुठे येतो? भिशीत सगळे गाव आधीपासूनच बसलेले आहे. तरी कार्ड काढून ठेवा, रेशनकार्डावरची नावे आणि आधारावरची नावे जुळवून घ्या. दवाखान्याच्या दारात नाव जुळवत बसणे फार वाईट.

तारीख बरोबर, पण कोणाच्या सोयीची?

इथवर मी नियमाच्या बाजूने बोललो. आता थोडे दाजींच्या बाजूने.

तारीख असावी हे मान्य. पण ती माणसाला कळावी आणि त्या वेळी त्याच्या खिशात पैसे असावेत, ही दुसरी बाजू कोणी बघत नाही. खरिपाच्या विम्याची तारीख पेरणी-टोकणीनंतर येते, म्हणजे बियाणे, खत आणि मजुरीत शेतकरी धुऊन निघालेला असतो तेव्हा. तिथे ही तारीख पिकावर अवलंबून आहे, तिला इलाज नाही. आजारपणाच्या विम्याला तसे काही बंधन नाही. उसाची पहिली बिले पडतात, दिवाळीला दूध संस्थेचा फरक मिळतो, तेव्हा नोंदणी ठेवली तर निम्मी भांडणे मिटतील. यशस्विनीची ती नोंदणी नोव्हेंबर-डिसेंबरात होती, हे त्या मानाने बरे. पण दूध संस्थेने फरकातूनच, सभासदाला विचारून, ५०० कापून घेतले असते तर दाजींनी पेंडीचा हिशोब केलाच नसता. हातात आलेली नोट देणे आणि न आलेली सोडणे यात फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट मुदतवाढीची. हिची आपल्याला सवयच लागली आहे. दरवर्षी वाढते, यंदाही वाढणार, असे धरून माणूस थांबतो. सर्व्हर बंद पडला म्हणून तीन दिवस वाढवणे समजू शकते, तो शेतकऱ्याचा दोष नव्हे. पण सतत वाढवत गेले की तारखेतला जीव जातो. जो पाऊस कसा पडतो ते बघत थांबला त्याला फायदा आणि जो पहिल्या आठवड्यात रांगेत उभा राहिला तो वेडा ठरतो.

आणि पैसे. हप्ता वाढला की काय होते ते यशस्विनीनेच दाखवले आहे. दुसऱ्या वर्षी तिच्यात सुमारे २० लाख माणसे होती. तिसऱ्या वर्षी, २००५-०६ मध्ये, हप्ता ६० चा १२० झाला आणि आकडा १५ लाखांच्या खाली आला. गेले त्यांत धडधाकट किती आणि आजारी किती, हे मी काही मोजायला गेलो नव्हतो. पण आमच्या गावचा अनुभव विचाराल तर घरात आजारी माणूस असलेले घर १२० रुपयांसाठी मागे हटत नाही.

एक रुपयाचा पीक विमा हे दुसरे टोक. फुकटात जमा तर प्रचंड झाली, पण बोगस अर्जांचीही भर पडली आणि २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याला पुन्हा आपल्या वाट्याचा हप्ता भरावा लागला. खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबियांना विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के. मला विचाराल तर थोडे पैसे पदरचे जाणेच बरे. पदरचे गेले की माणूस पावती जपून ठेवतो आणि तारीखही.

दाजींना हे सगळे पटले का? भिशीचा हिशोब पटला. म्हशीच्या बिल्ल्याचे पटले, हसलेसुद्धा. पण शेवटी म्हणाले, “पावणं, तुमचं बरोबर हाय. तरी त्या दिवशी दार बंद व्हतं, ते काय माझ्या डोक्यातनं जात न्हाई.” मी वाद घातला नाही. त्यांची म्हैस गेली होती, माझे फक्त बोलणे चालले होते.

पुढची नोंदणी सुरू झाली तेव्हा सेक्रेटरींनी पावतीपुस्तक उघडायच्या आधी दाजी संस्थेत हजर होते. आता दरवर्षी तारीख जाहीर झाली की आधी मला फोन येतो. गेल्या खेपेला त्यांनी शेजारच्या घरी जाऊनही सांगितले. शेजारी नवीन लग्न झालेला, बायको बी.ए. झालेली, दोघेही तिशीच्या आतले. त्याने दाजींना विचारले, “दाजी, आमच्यात कोण आजारी हाय?”

दाजी म्हणाले, “म्हणूनच सांगायला आलोय.” आणि त्याची पावती होईपर्यंत संस्थेच्या कट्ट्यावर बसून राहिले.